कॉम्प्युटरचं हिस्ट्री कार्ड

काका ‘गेम खेळतो’ असं कधी म्हणाले नाहीत. ते गेम ‘चालवायचे’. “आज साडेचार ते सहा चालवलो. दोनदा अडकली,” असं जिन्यात भेटल्यावर सांगायचे, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं, हे कंपनीतल्या एखाद्या मशीनबद्दल बोलतायत.

थेरगावात त्यांच्या घराच्या तळमजल्यावर आम्ही भाड्याने राहत होतो. वर ते आणि काकू, दोघंच. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेलेली. काका चाकणच्या एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर होते. पत्रा दाबून गाड्यांचे दरवाजे काढणाऱ्या अवाढव्य प्रेस बंद पडल्या की त्यांना बोलावणं यायचं. मूळचे लातूरकडचे. तीसेक वर्षं इथे काढूनही बोलणं तिकडचंच राहिलं होतं. पहाटे कंपनीच्या बसने जायचे, दुपारी चारला परत. हातपाय धुवायचे, उभ्यानेच चहा घ्यायचे आणि साडेचारला कॉम्प्युटरसमोर बसायचे. अंगात तोच कंपनीचा निळा शर्ट. शर्ट का बदलत नाहीत, असं आईने एकदा विचारलं, तेव्हा काकू म्हणाल्या, “बदलतील कसे? सेकंड शिफ्ट लागते ना आता.”

गेम एकच. पाच-पाच जणांच्या दोन टोळ्या, एक पडकं बंदर आणि बंदुका. टोळीतल्या बाकीच्यांची नावं वाघ, वादळ अशी. काकांनी स्वतःचं नाव ठेवलं होतं ‘स्पॅनर’. इतर चौघं त्यांच्या निम्म्या वयाचे. त्यांतला दिघीचा एक जण तेवढा मला आवाजाने ओळखीचा झाला, कारण काका हेडफोन लावत नसत. “कान झाकल्यावर मशीनचा आवाज कसा कळंल?” म्हणायचे. त्यामुळे टोळीचं सगळं बोलणं स्पीकरमधून आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायचं.

नव्या गेम्सबद्दल त्यांचं मत फार वाईट होतं. “नुसता रंग,” ते म्हणायचे. “पाणी काय, पाण्यात आभाळ काय. अगं, प्रेसला रंग मारल्यानं जोर वाढतोय का तिचा?” पैसे भरून बंदुकीला सोनेरी नक्षी करून घेता येते, हे कळलं त्या दिवशी ते खरोखर दुःखी झाले. “बंदुकीला कपडे विकायलेत. नागडी बंदूक काय कमी मारती?” गोष्ट असलेले गेम त्यांना मुळीच आवडत नसत. “गोष्ट सांगायची तर बसून सांग. मला कशाला चालायला लावायलास?” चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं ते बघायचं, आणि बटण दाबल्यावर गोळी कधी सुटते ते बघायचं. बाकी सगळी सजावट.

हरण्याचं मात्र त्यांना काही वाटत नसे. “हरलो तर हरलो. पण कशानं हरलो ते कळलं पाहिजे. न कळता हरणं म्हणजे ब्रेकडाउन.”

आणि ब्रेकडाउनची नोंद होतेच. कारखान्यात प्रत्येक मशीनला एक हिस्ट्री कार्ड असतं. मशीन कधी बंद पडली, दोष काय, काय केलं, हे सगळं त्यावर लिहायचं आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून ते मशीनलाच लटकवायचं. काकांच्या कॉम्प्युटरलाही तसं कार्ड होतं. आखलेल्या पुठ्ठ्यावर तारीख, वेळ, दोष, उपाय असे चार रकाने. ‘चित्र थांबले. पंखा साफ केला.’ ‘आवाज तुटला. वायर बदलली.’ उपायाचा रकाना त्यांनी कधी मोकळा सोडला नाही. काही सुचलंच नाही, तर ‘निरीक्षणाखाली’ असं लिहायचे. खंडेनवमीला कंपनीतल्या मशीन पुजून झाल्या की घरी येऊन ते कॉम्प्युटरलाही झेंडूचा हार घालत, आणि हाराने पंख्याची जाळी झाकली जात नाही ना, हे वाकून दोनदा बघत.

माझा त्यांच्याशी संबंध इंग्रजीमुळे आला. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. कॉलेज संपवून नोकरीचे अर्ज करत घरी बसले होते. कोणाशी फारसं बोलत नसे. जिन्यात कोणी दिसलं तर चप्पल शोधल्यासारखं करून ते जाईपर्यंत आत थांबायचे. एक दिवस वरून हाक आली, “ए इंग्लिश मीडियम! वर ये जरा.” नाव माहीत असूनही त्यांनी शेवटपर्यंत मला हीच हाक मारली.

नेटवाल्या कंपनीला तक्रार करायची होती. “मला लिहायला जमत नाही इंग्लिश,” ते म्हणाले. त्यांच्या डोक्यावरच्या फळीवर प्रेसची जाडजूड इंग्रजी मॅन्युअलं होती, पानापानांवर पेन्सिलीच्या रेघा मारलेली. मी ती पाहिली होती. पण वाचणं आणि लिहिणं वेगळं, एवढंच तेव्हा मनात आलं.

“लिही. महोदय, तुमच्या सर्व्हरचं बेअरिंग गेलेलं आहे.”

“काका, सर्व्हरला बेअरिंग नसतं.”

“त्याच्या पंख्याला असतंय ना? लिही.”

मी लिहिलं. पुढे म्हणाले, “आता असं लिही की शिवी नाही, पण घरी जाऊन आरशात बघितल्यावर त्याला कळलं पाहिजे. तुझ्या इंग्लिशमधी आहे का तसलं काही?”

“आहे,” मी म्हणाले. “भरपूर आहे.”

ते इतके मोठ्याने हसले की काकू बाहेर आल्या. मी कोणाला हसवलं, अशी त्या वर्षातली ती बहुधा एकच वेळ. त्यानंतर आठवड्यातून दोनदा तरी मी वर जायची. कधी नेटवाल्यांना तक्रार, कधी गेम बनवणाऱ्या परदेशी कंपनीला. टोळीच्या ग्रुपमध्ये निरोप टाकायलाही त्यांनी माझाच नंबर घातला. टाइप करायचा त्यांना कंटाळा. पिंग म्हणजे काय, ते त्यांनीच मला शिकवलं. आपण बटण दाबलं की तो निरोप तारेतून दूरच्या सर्व्हरपर्यंत जातो आणि परत येतो. त्या जाण्यायेण्याला लागणारा वेळ म्हणजे पिंग. पडद्याच्या कोपऱ्यात त्याचा आकडा दिसतो. हिरवा असला की चांगलं, लाल झाला की तुम्ही गोळी झाडायच्या आधीच मेलेले असता. “तू दाबलेलं असतंस गं,” ते म्हणायचे, “पण तिकडं पोचलेलंच नसतंय.”

त्या वर्षी दिवाळीनंतर कार्डावर एकच दोष पुन्हापुन्हा यायला लागला. ‘दाबल्यावर उशिरा.’

काकांनी माऊस बदलला. ‘दाबल्यावर उशिरा.’ नेटची वायर खांबापासून नवी ओढून घेतली. भिंतीवरचा डबा बदलला. केबलवाला तीनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा वैतागून म्हणाला, “काका, लाइन एकदम क्लीन आहे. आता तुम्ही सांगा, मी काय करू? आरती करू?”

“लाइन क्लीन असती तर गोळी सुटली असती,” काका म्हणाले.

टोळीतली मुलं आधी थट्टा करायची. दिघीवाला ओरडायचा, “अंकल! समोर उभाय तो! दर्शन घेताय का राव? मारा ना!”

“दाबलोय, भावा. नेट अडकायलंय.”

“आमचं सगळ्यांचं पळतंय आणि तुमचंच कसं अडकतं?”

“लाइन बघायलेत,” काका म्हणायचे.

जानेवारीतल्या एका दुपारी मी त्यांच्या बाजूला स्टुलावर बसले होते. परदेशी कंपनीला लिहायचं होतं, म्हणून सामना संपायची वाट बघत होते. मला खेळातलं फार कळत नव्हतं, त्यामुळे मी पडद्यापेक्षा त्यांच्याकडेच बघत होते. बंदरातल्या पिंपामागून एक माणूस बाहेर आला. काकांनी त्याला पाहिलं. त्यांच्या भुवया वर गेल्या, खांदा ताठ झाला. मी मनात ‘एक’ म्हटलं. मग बोट हललं. कोपऱ्यातला आकडा हिरवा होता.

एकदा दिसल्यावर मग ते सगळीकडे दिसायला लागलं. चहाचा कप ते आता दोन्ही हातांनी धरत. शर्टाचं वरचं बटण उघडंच राहत होतं. हात मांडीवर मोकळा असला की अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर फिरत राहायची, जणू बोटांत एखादा बारीक नट आहे. फिटरची सवय असेल, असं आम्ही सगळे समजत होतो. आणि कार्ड. दिवाळीतली अक्षरं चांगली मोठी, ठसठशीत होती. तिथून खाली ओळीमागून ओळ ती लहान होत गेली होती. जानेवारीतल्या नोंदी वाचायला मला वाकावं लागलं. जागा वाचवत असतील, असं मी स्वतःला सांगितलं.

त्याच महिन्यात परदेशी कंपनीचं उत्तर आलं. सभ्य होतं, लांबलचक होतं. आम्ही तुमच्या सगळ्या नोंदी तपासल्या, तुमचं कनेक्शन उत्तम आहे, आमच्या सर्व्हरवर काही अडथळा नाही. उशीर होतो तो बटण दाबलं जाण्याच्या आधी. कृपया तुमच्याकडे तपासून पाहा.

“काय सांगायलेत?” काकांनी विचारलं. ते माझ्या मागे उभे होते.

मी कमी बोलते. कमी बोलणारी माणसं खोटं बोलत नसतील, असं लोकांना उगाच वाटतं. प्रत्यक्षात आम्हाला खोटं फार सोपं जातं. दोनच वाक्यं लागतात.

“सर्व्हरकडे काम चालू आहे म्हणतात. थोडे दिवस लागतील.”

ते पडद्याकडे बघत राहिले. बराच वेळ. मग म्हणाले, “बरं. थोडे दिवस.” आणि कार्डावर उपायाच्या रकान्यात लिहिलं, ‘सर्व्हर. काम चालू.’

मी तेव्हा स्वतःला सांगितलं की मी त्यांच्या आनंदासाठी हे केलं. ते पूर्ण खरं नव्हतं. छप्पन्न वर्षांच्या माणसाकडे बघून ‘काका, दोष तुमच्या हातात आहे’ हे म्हणायचं मला भय वाटलं. काकूंना सांगता आलं असतं. आईला सांगता आलं असतं. मी कोणालाच सांगितलं नाही. उलट पुढचे तीन महिने सर्व्हरबद्दल तक्रारी लिहीत राहिले. चांगल्या इंग्रजीत.

एप्रिलमध्ये जिन्यात काकू आईशी बोलत होत्या. मी नेहमीप्रमाणे दाराआड होते. कंपनीत काकांच्या हातून पाना सुटून प्रेसच्या साच्यात पडला होता. काढायला त्यांनी कोपरापर्यंत हात आत घातला. प्रेस बंद होती म्हणून निभावलं, असं त्यांच्याबरोबरच्या माणसाने फोन करून कळवलं होतं. “विचारलं तर म्हणतात, तेलकट होता,” काकू सांगत होत्या. “सगळ्या जगाचे पाने तेलकटच असतात की हो. आजवर नाही पडला तो.”

त्या प्रेसने काय होतं, हे काकांनीच मला सांगितलं होतं. पत्रा आत जातो तेव्हा सपाट असतो. मी दाराच्या कडीवर हात ठेवून उभी राहिले. कडी काढून एक जिना चढायचा होता. काकू वर गेल्या, त्यांचं दार लागलं, तरी मी तशीच उभी होते. मग आत जाऊन कुकर लावला.

मे महिन्यात टोळीची कसलीशी स्पर्धा होती. दिघीवाल्याचा आवाज या वेळी थट्टेचा नव्हता. तो अगदी हळू बोलत होता, त्यामुळे जास्त वाईट वाटलं. “अंकल, रागवू नका. तुम्ही आम्हाला लय शिकवलंय. पण या आठवड्यात नेट नीट झालं नाही, तर पाचवा दुसरा बघावा लागेल.”

“बरोबर आहे तुझं,” काका म्हणाले.

त्या आठवड्यात त्यांनी बुधवारी रजा टाकली. आमच्याकडे कारखान्यांची सुट्टी गुरुवारी. रजा टाकून काका घरी राहिल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. अकरा वाजता हाक आली. मी वर गेले, तर कॉम्प्युटर चालू होता, कार्ड पाकिटातून काढून टेबलावर ठेवलं होतं आणि काका उभे होते.

“गुरुवारी सगळी कंपनी घरी असती. नेटवर लोड,” ते म्हणाले. “आज लोड नाही. आज टेस्ट करू.”

मग त्यांनी मला समजावलं. फॉल्ट सापडत नसला की फिटर एकेक पार्ट बदलून बघतो. चांगल्या मशीनचा पार्ट या मशीनला लावायचा. जो पार्ट बदलल्यावर मशीन सुधारते, तो खराब. “माऊस बदललो. वायर बदललो. डबा बदललो. सर्व्हरवाले म्हणे काम करायलेत.” ‘म्हणे’वर ते थोडे थांबले. “एकच पार्ट ऱ्हायलाय. बस.”

त्यांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली.

गेममध्ये सरावाची एक खोली असते. समोर कुठूनही एक पाटी उभी राहते, दिसली की झाडायचं. दहा पाट्या. मी बसले. पहिली पाटी आली, बोट आपोआप दाबलं गेलं, पाटी पडली. दुसरी. तिसरी. मी कधीही न खेळलेली मुलगी, आणि पाट्या पडत होत्या. पाचवी पडल्यावर मला मागे त्यांच्या श्वासाचा आवाज आला आणि आपण काय करतोय ते माझ्या लक्षात आलं. सहावी पाटी आली. मी मनात ‘एक’ म्हटलं आणि मग दाबलं. सातवीलाही तसंच. आठवीला तर मी ती निघून जाऊ दिली.

“सहाव्यापासून मुद्दाम उशीर करायलीस,” काका म्हणाले.

नववी पाटी उभी राहिली आणि निघून गेली.

“मशीन ऐकण्यात जन्म गेला माझा. खोटं चाललेलं कळतंय मला.”

मी माऊसवरून हात काढला. म्हणाले, “काका, जानेवारीत ते उत्तर आलं होतं ना...”

“वाचलो होतो.”

मी वळून बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. वरच्या फळीकडे बघत होते.

“लिहायला जमत नाही म्हणलो होतो. वाचायला येत नाही असं कुठं म्हणलो? मॅन्युअल वाचूनच पोट भरलंय. तू काय सांगतीस ते बघत होतो. तू सर्व्हर म्हणलीस.” त्यांचा अंगठा बोटावर फिरत होता. “बरं वाटलं. चार महिने बरं वाटलं.”

“सॉरी, काका.”

“पाना पडला तवा तरी सांगायला पाहिजे होतं,” ते म्हणाले. मग कार्डाकडे बघत, “तू बी. मी बी.”

त्यांनी कार्ड ओढलं, पेन घेतलं आणि टेबलाला हात टेकवून लिहिलं. इतकं बारीक, की मला आधी नुसती रेघच वाटली. ‘दोष: ऑपरेटर.’ पेन उपायाच्या रकान्यावर गेलं, तिथे थोडा वेळ थांबलं आणि त्यांनी टोपण लावलं.

काकू पडदा सारून डोकावल्या. “सापडला का हो फॉल्ट?”

“सापडला.”

“सुटलो बाई एकदाचे,” काकू म्हणाल्या. “चहा टाकते. पोरी, तू पण घे.”

तो चहा आम्ही तिघांनी घेतला. काकांनी कप दोन्ही हातांनी धरला.

गुरुवार गेला. शुक्रवारी त्यांनी स्वतःच सुपरवायझरला सांगितलं. मग डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. कंपवात. मेंदूचा निरोप हातापर्यंत नीट पोचत नाही, उशिरा पोचतो, असं डॉक्टरांनी समजावलं, तेव्हा काका म्हणाले, “पिंगच की हे.” हे सांगताना काकू हसायला गेल्या, आणि मग आईच्या खांद्यावर डोकं ठेवून बराच वेळ रडल्या. कंपनीने त्यांना प्रेसपासून लांब स्टोअरमध्ये बसवलं. तिथे नटबोल्ट मोजून पुड्यांत भरायचं काम होतं. ते नट हातातून सांडायचे. वर्षभरात त्यांनी कंपनी सोडली.

लवकर कळलं असतं तर काही वेगळं झालं असतं का, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. विचारायला जायचं धाडस झालं नाही, असंच म्हणायला हवं.

टोळीला शेवटचा निरोप त्यांनी माझ्याकडूनच लिहून घेतला. “लिही. लाइन जुनी झालीया. दुरुस्त होईस्तोवर पाचवा दुसरा बघा. कनेक्शन प्रॉब्लेम.” मी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. “लिही की,” ते म्हणाले. मी एक अक्षर न बदलता लिहिलं. दिघीवाल्याने लगेच उत्तर दिलं, “ओके अंकल. नेट आलं की या. जागा तुमचीच आहे.”

आता मला नोकरी आहे, आम्ही मोशीला राहतो. थेरगावला दोन-तीन महिन्यांतून एकदा जाणं होतं. मागच्या खेपेला गेले तेव्हा काका खिडकीशी बसले होते. शर्टाची बटणं काकूंनी लावलेली. कॉम्प्युटरवर कापड होतं, कार्ड मात्र तिथेच लटकत होतं. शेवटच्या ओळीतला उपायाचा रकाना कोराच. बोलणं आता हळू झालंय. एक शब्द आला की पुढच्याची वाट बघावी लागते. मी वाट बघते. मला ते अवघड जात नाही.

“पोरं... विचारतात का?”

“विचारतात. दिघीवाला महिन्यातून एकदा तरी विचारतो. अंकलचं नेट आलं का म्हणून.”

“तू काय... सांगतीस?”

“काम चालू आहे म्हणून सांगते.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अंगठा बोटावर फिरत होता.

“बरं,” ते म्हणाले. “तेच सांग.”